आग्रा रोडने लतादीदींकडे

"शिवाजी पार्कातली लतादीदींची समाधी संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते?" "प्रभुकुंज आतून दाखवतात का, तिकीट किती?" "इंदूरला चाललोय, दीदींचं जन्मघर बघायचंय, नेमका पत्ता द्या." प्रवासाबद्दल लिहायला लागल्यापासून हे तीन प्रश्न मला इतक्या वेळा विचारले गेलेत की उत्तरं तोंडपाठ झाली आहेत. पहिल्याचं उत्तर: तिथे समाधी नाही. दुसऱ्याचं: नाही दाखवत. तिसऱ्याचं: पत्ता देतो, पण घर उरलेलं नाही.

एवढ्यावर हिरमुसू नका. दीदींच्या आठवणींची ठिकाणं भरपूर आहेत, फक्त ती एका आवारात, एका तिकिटात मिळत नाहीत. इंदूर, थाळनेर, मंगेशी, सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई, नाशिक आणि आता अयोध्या अशी ती पसरलेली आहेत. त्यातल्या काहींची दारं तुम्हाला उघडी आहेत, काही फक्त रस्त्यावरून पाहायची आहेत आणि काही ठिकाणी मुळात जायचंच नाही. हा फरक घरून निघण्याआधी कळला तर पुढची निम्मी फजिती टळते.

आधी किती दिवस आहेत ते ठरवा

- अर्धा दिवस: मुंबईतली दोन ठिकाणं, तीही रस्त्यावरूनच.
- गोव्याची सहल ठरलेलीच असेल तर: त्यातली एक सकाळ मंगेशीला द्या.
- अयोध्येची यात्रा ठरलेली असेल तर: लता मंगेशकर चौक वाटेतच आहे, वेगळा दिवस लागत नाही.
- चार दिवस आणि स्वतःची गाडी असेल तर: मुंबई ते इंदूर, आग्रा रोडने. माझं मत विचाराल तर हाच प्रवास सगळ्यांत चांगला. का ते पुढे सांगतो.

सगळं एका फेरीत उरकण्याचा हट्ट मात्र करू नका. मंगेशी आणि अयोध्या एकाच आठवड्यात करणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना दोन्हीकडचं जेवण आठवतं, बाकी काही आठवत नाही.

मुंबई: जे नाही ते शोधू नका

६ फेब्रुवारी २०२२ रोजी दीदी गेल्या आणि त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. दूरदर्शनवर ते साऱ्या देशाने पाहिलं, त्यामुळे तिथे समाधी असणारच असं लोक धरून चालतात. नंतर स्मारकाची मागणी झाली आणि त्यावरून राजकारणही झालं. तेव्हा दीदींचे भाऊ हृदयनाथ मंगेशकरांनीच सांगितलं, की तिथे स्मारक व्हावं अशी आमची इच्छा नाही.

मी स्वतःही फसलो होतो. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पाहुण्यांना घेऊन गेलो आणि चिखलातून मैदानाला अर्धी फेरी मारली. कट्ट्यावर छत्री मिटून बसलेल्या एका आजोबांनी लांबूनच विचारलं, "लताबाईंचं शोधताय ना?" आम्ही मान हलवली. ते म्हणाले, "रोज कुणीतरी येतं. मैदान आहे हो ते, पोरं क्रिकेट खेळतात." त्यांनी बोट केलं तिकडे खरोखरच पोरं ओल्या चेंडूने खेळत होती. मैदानाच्या कडेला बाळासाहेब ठाकरे यांचं स्मृतिस्थळ आहे. नवखी माणसं बरेचदा तिथेच उभी राहून 'हेच का ते' असं विचारतात. ते हे नव्हे.

तरीही जायचं असेल तर संध्याकाळी जा, कट्ट्यावर बसा, दोन गाणी कानात लावून ऐका आणि परत या. दादर स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात.

दुसरं ठिकाण पेडर रोडवरची 'प्रभुकुंज' ही इमारत. १९६० च्या सुमारापासून मंगेशकर कुटुंबाचा मुक्काम इथे. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असं आहे, पण टॅक्सीवाल्याला 'पेडर रोड' म्हणा. इथे तीन गोष्टी ध्यानात ठेवा:

- ही राहती इमारत आहे, संग्रहालय नव्हे. आत जाता येत नाही आणि वॉचमनशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तो नोकरी करतोय.
- पेडर रोडवर गाडी थांबवायला जागा नाही. महालक्ष्मी मंदिराचं दर्शन घेऊन तिथून चालत या.
- वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला मुंबईत रिक्षा चालत नाहीत. बाहेरगावची मंडळी हे विसरतात आणि दादरला रिक्षा शोधत उभी राहतात. टॅक्सी किंवा बेस्टची बस धरा.

समोरच्या फूटपाथवरून इमारत पाहायची आणि पुढे चालायचं, इतकंच तिथे करता येतं. याच रस्त्यावर उड्डाणपूल होऊ नये म्हणून दीदी ठामपणे उभ्या राहिल्या होत्या आणि त्यावरून बरेच मुंबईकर त्यांच्यावर चिडलेही होते. गाड्यांच्या रांगेत उभं असताना हे आठवतं आणि आपण नेमके कोणाच्या बाजूचे, ते पटकन ठरत नाही.

आग्रा रोड: चार दिवस, एक रस्ता

आता मुख्य प्रवास. दीदींचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा. मृत्यू मुंबईत. अस्थिविसर्जन नाशिकला रामकुंडात. आजोळ धुळे जिल्ह्यातलं थाळनेर. आता नकाशा काढा. ही चारही ठिकाणं मुंबई–आग्रा रस्त्यावर किंवा त्याला लागून आहेत. ठाण्या-नाशिककडे ज्याला आपण 'आग्रा रोड' म्हणतो त्यालाच इंदुरात 'एबी रोड' म्हणतात. मुंबई ते इंदूर हे अंतर सुमारे ५९० किलोमीटर आहे. एका दमात गाडी हाकली तर बारा तासांत पोचाल, पण मग तो नुसता प्रवास होईल.

पहिला दिवस, नाशिक. भिवंडी बायपासची कोंडी टाळायची तर पहाटे निघा, कसारा घाट उजाडताना लागेल असं पाहा. पंचवटीत गाडी आत नेण्याचा प्रयत्न करू नका. अलीकडे कुठेतरी लावून रामकुंडावर चालत जा. १० फेब्रुवारी २०२२ रोजी दीदींच्या अस्थी इथे विसर्जित झाल्या. रामकुंड सार्वजनिक आहे, कोणाची परवानगी लागत नाही, प्रवेशाचे पैसे नाहीत. "पूजा करायची का?" असं विचारत कोणी ना कोणी जवळ येईल. करायची असेल तर काय करणार आणि दक्षिणा किती, हे आधी बोलून घ्या. नसेल तर "नको, नुसतं बसायला आलोय" म्हणा. यात कुणाचाही अपमान नाही. सिंहस्थाच्या काळात मात्र हा थांबा वगळा. त्या गर्दीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, मग बसणं दूरच.

मुक्काम नाशिकला किंवा पुढे धुळ्याला करा. वाटेत ढाब्यावर शेवभाजी मागवाल तेव्हा 'मीडियम' सांगा. खानदेशातली मीडियम म्हणजे पुण्या-मुंबईची झणझणीत.

दुसरा दिवस, थाळनेर. बहुतेक लोक इथूनच सरळ पुढे निघून जातात. शिरपूर हे हमरस्त्यावरचं तालुक्याचं गाव, धुळ्याच्या पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. शिरपूर तालुक्यातलंच, तापीच्या उत्तर काठावरचं थाळनेर हे माईंचं, म्हणजे दीदींच्या आईचं माहेर. आजोबा हरिदास लाड हे इथले सधन व्यापारी आणि जमीनदार. पावागडचे गरबे दीदी शिकल्या ते आजीकडून. गोव्याचे वडील, खानदेशातलं आजोळ, आजीच्या तोंडी गुजराती गाणी आणि जन्म माळव्यात, असा हा गळा चार मुलखांच्या पाण्यावर वाढला. हे पुस्तकात वाचलं तर माहिती वाटते. तापीच्या काठी उभं राहिलं की ते पटतं.

थाळनेरला जाताना मात्र स्मारकाची अपेक्षा ठेवू नका. जायचं ते गाव पाहायला. नदीकाठी जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. फारुकी सुलतानांची थडगी आहेत, कारण बुऱ्हाणपूर वसण्याआधी त्यांची राजधानी थाळनेर होती. काळ्या दगडाचे ते घुमट पाहायला तासभर हाताशी ठेवा.

काही व्यवहाराच्या गोष्टी:

- सकाळी जा. एप्रिल-मेमध्ये या भागात पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि दुपारी गावात चिटपाखरू दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.
- जेवण, पेट्रोल, एटीएम ही कामं शिरपूरला उरकून मगच आत वळा.
- पारावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण 'लता मंगेशकरचं घर कुठे' असा थेट सवाल टाकू नका. "माईंचं माहेर इथलं ना?" असं म्हणालात तर बोलणं सुरू होतं. खानदेशी माणूस एकदा बोलायला लागला की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, तेव्हा तास-दीड तास जास्तीचा धरा.
- कुणाच्या घरात शिरायचं, अंगणाचे फोटो काढायचे, तर आधी विचारा.

दुपारी शिरपूरला परत येऊन हमरस्ता धरा. पुढे बिजासनचा घाट लागतो आणि मग मध्य प्रदेश. हा घाट अवजड ट्रकांचा आहे. अंधार पडायच्या आत पार करा आणि उतारावर ट्रकच्या मागे-पुढे घाई करू नका. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली, अपघात झाला किंवा टोलनाक्यावर तक्रार असली तर १०३३ हा क्रमांक आहे.

तिसरा दिवस, इंदूर. शहरात शिरण्याआधी राऊजवळ, या एबी रोडच्याच बाजूला, पिगडंबर नावाचं गाव लागतं. तिथे दीदींच्या आणि त्यांचे वडील दीनानाथ यांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे. एका रसिकाने आयुष्यभर जमवलेल्या हजारो तबकड्या तिथे आहेत. दीदींच्या आवाजाच्या जवळ नेणारं याहून चांगलं ठिकाण मला माहीत नाही, कारण इथे गाणं ज्या वस्तूवर बसून आपल्या घरात आलं ती वस्तू समोर असते. लाखेची जुनी तबकडी हातात धरली तर तिचं वजन जाणवतं. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं एक गाणं, बस. सिनेमातली गाणी एवढीशी का असायची, हा प्रश्न तिथे आपोआप सुटतो.

पण हे खाजगी संग्रहालय आहे. आधी फोन करून, वेळ ठरवूनच जा. दहा-पंधरा जणांची टोळी न सांगता नेऊ नका. तबकडीला हात लावायचा तर विचारून आणि फक्त कडेला धरून. बोटाचा घाम खाचेत बसला की सुईला ऐकू येतो.

मग जन्मस्थळ. हा भाग जुन्या इंदुरात जिल्हा न्यायालयाला लागून आहे, नाव सिख मोहल्ला. रिक्षावाल्याला 'लता मंगेशकर का घर' सांगितलंत तर तो कुठेही नेईल. 'सिख मोहल्ला, जिला कोर्ट के पास' असं सांगा. दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी तेव्हा गावोगाव फिरत होती. अशा फिरतीच्या काळातच इथे मुलगी झाली. नाव ठेवलं हेमा. पुढे गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ती लता झाली. मंगेशकर इथून गेले, घर एका हातून दुसऱ्या हाती विकलं गेलं, आणि आज त्या जागी कापडाचं दुकान आहे. दुकानदारांनी आत दीदींची आठवण जपली आहे.

दुकानात जायचं ते दुकानात जातात तसं. गर्दीच्या वेळी मध्येच उभं राहून चित्रीकरण करू नका. गिऱ्हाईक उठेपर्यंत थांबा, मग विचारा. आम्ही गेलो तेव्हा गादीवर बसलेले गृहस्थ एका बाईंना परकराचं कापड मोजून देत होते. आमच्याकडे न पाहताच त्यांनी मीटरपट्टीच्या टोकाने भिंतीकडे खूण केली आणि कापड फाडलं. ती 'टर्र' मला अजून आठवते. कोर्टाच्या दिवशी या गल्ल्यांत गाडी नेणं म्हणजे शिक्षाच. चालत जा, नाहीतर सकाळी लवकर.

राजेंद्रनगरमध्ये दीदींच्या नावाचं सभागृहही आहे. मध्य प्रदेश सरकारचा लता मंगेशकर सन्मान १९८४ पासून दिला जातो आणि त्याचा सोहळा इंदुरातच होतो. तुमच्या मुक्कामात तो आला तर बाकी बेत बदला.

चौथा दिवस परतीचा. गाडी नसेल तर हाच प्रवास अर्धा करता येतो. मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्स्प्रेसने रात्री निघा, सकाळी इंदूर. पुण्याहूनही थेट गाडी आहे. थाळनेर मात्र रेल्वेने हुकतं, म्हणूनच मी रस्त्याचा आग्रह धरतो.

मंगेशी: आडनावाचं गाव

'मंगेशकर' हे आडनाव या गावावरून आलं. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी इथेच झाला. वडील देवळातले पुजारी, आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या कलावंत समाजातल्या. वडिलांकडचं आडनाव हर्डीकर. दीनानाथांनी गावाचं नाव लावलं आणि ते पुढे साऱ्या जगाने ऐकलं. इथलंच आणखी एक नाव पं. जितेंद्र अभिषेकी. त्यांचा जन्म २१ सप्टेंबर १९२९ चा, म्हणजे दीदींपेक्षा बरोबर एका आठवड्याने मोठे. एका देवळाच्या सावलीतली ही दोन नावं.

मंगेशी फोंडा तालुक्यात, पणजीहून वीस-बावीस किलोमीटरवर. पणजी–फोंडा बसमधून उतरून चालत जाता येतं. कोकण रेल्वेने येत असाल तर करमळी स्टेशन सोयीचं. आत शिरल्यावर सगळ्यांत आधी दिसते ती पांढरीशुभ्र सात मजली दीपमाळ. देवळाची तळी या आवारातली सगळ्यांत जुनी गोष्ट मानतात. सकाळी आठच्या आत गेलात तर पायऱ्यांवर तुम्ही आणि कबुतरं एवढेच.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत:

- कपडे. बीचवरून थेट हाफ पँटमध्ये येणारे दारावर अडतात. माझा भाचा अडला होता. पायभर कपडे गाडीत ठेवा.
- फोटो. गाभाऱ्यात नाही. आवारात पाटी पाहून.
- चौकशी. 'लताचं घर कुठलं' म्हणून गुरवांना, पुजाऱ्यांना भंडावू नका. हे चालतं देऊळ आहे, नैवेद्याची वेळ कोणासाठी थांबत नाही.
- भाड्याची गाडी. गोव्यात भाड्याच्या स्कूटर-मोटारीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. पोलिसांनी अडवलं की भुर्दंड तुम्हाला.

पणजीला परतल्यावर कला अकादमीत दीनानाथांच्या नावाचं नाट्यगृह आहे. इमारत चार्ल्स कोरियांची. कार्यक्रम असेल तर तिकीट काढून बसा. नाट्यगृह बाहेरून पाहण्यात काही मजा नाही.

अयोध्या: धुळ्याच्या माणसाची वीणा

२८ सप्टेंबर २०२२ रोजी, दीदींच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या जयंतीला, शरयूकाठच्या नया घाट चौकाला लता मंगेशकर चौक हे नाव मिळालं. मधोमध ४० फूट लांबीची, १४ टन वजनाची वीणा आहे. शिल्पकार राम सुतार. भोवती ९२ कमळं, त्यांच्या ९२ वर्षांची. सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. दीदींचं आजोळ धुळे जिल्ह्यात, आणि त्यांच्या नावाची वीणा घडवणारे हातही त्याच जिल्ह्यातले. हा योगायोग अयोध्येतल्या कुठल्याच गाईडने मला सांगितला नाही, म्हणून इथे लिहितो.

पोचणं सोपं आहे. सहादतगंजहून येणारा रामपथ आणि हमरस्त्यावरून येणारा धर्मपथ इथेच येऊन मिळतात. ई-रिक्षावाल्याला 'लता चौक' कळतं, नाहीच कळलं तर 'नया घाट' म्हणा. रामकी पैडी हाकेवर आहे. मोठ्या सणांना आणि दीपोत्सवाला वाहनं बरीच अलीकडे अडवतात, तेव्हा वयस्कर माणसं सोबत असतील तर ते दिवस टाळा. हा रहदारीचा चौक आहे. वीणेचा अख्खा फोटो घेण्यासाठी मागे सरकत सरकत रस्त्यावर जाणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पहाटे जा. रस्ते रिकामे असतात आणि उजेड नदीकडून येतो.

कोल्हापूर, सांगली, पुणे आणि बाकीचं

कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या कंपनीत दीदींनी कोवळ्या वयात काम केलं आणि १९४५ मध्ये कंपनीबरोबर मुंबई गाठली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्यांनी १९५९ मध्ये विकत घेतला. पुढे त्याच्या जागेवरून कोल्हापूरकरांनी आंदोलनंही केली. आज तो पर्यटकांसाठी नाही. रस्त्यावरून पाहा आणि दोन्ही बाजू ऐका, रिक्षावालासुद्धा मत देईल. सांगलीत दीनानाथांच्या नावाचं नाट्यगृह आहे, तसंच मुंबईत विलेपार्ल्याला. दीदींच्या नावाचं मीरा-भाईंदरला. या सगळ्यांना माझा एकच नियम: नाटकाचं तिकीट असेल तरच जा.

पुण्याचं दीनानाथ मंगेशकर रुग्णालय आणि नागपूरचं लता मंगेशकर हॉस्पिटल ही दोन्ही 'बघायची ठिकाणं' म्हणून यादीत घालणारे महाभाग आहेत. तिथे आजारी माणसं असतात. कृपा करून जाऊ नका.

परदेशातल्या वाचकांसाठी एक: लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दीदी १९७४ मध्ये गायल्या. त्या हॉलची आतून फेरी घडवणाऱ्या टूर असतात, आधी नोंदणी करून जाता येतं.

तुमचा हक्क कुठे आहे, कुठे नाही

- सार्वजनिक रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायला कोणी पैसे मागू शकत नाही. पण खिडकीतल्या माणसांचे, वॉचमनचे फोटो काढण्याचा हक्क तुम्हालाही नाही.
- चौक, घाट, मैदान इथे प्रवेशशुल्क नाही. 'दर्शनाची पावती' कोणी पुढे केली तर ती कोणत्या संस्थेची आहे ते वाचा, मग ठरवा. देणगी ऐच्छिकच असते.
- मुंबईत टॅक्सीने मीटरवर यायचं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे. गाडीचा नंबर टिपून वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते.
- ड्रोन घरी ठेवा. अयोध्येत तर तो पिशवीतून बाहेर काढायचासुद्धा विचार नको.
- स्पीकरवर गाणी लावण्याचा हक्क कुठेच नाही. देवळात नाही, घाटावर नाही, कट्ट्यावर नाही. इअरफोन वापरा.

कोणत्या तारखा

२८ सप्टेंबर जयंती, ६ फेब्रुवारी पुण्यतिथी आणि २४ एप्रिल हा दीनानाथांचा स्मृतिदिन. १९४२ साली याच तारखेला पुण्यात ते गेले आणि बारा वर्षांच्या लतावर घर पडलं. या तीन दिवशी कार्यक्रम असतात. गाणं ऐकायचं असेल तर या तारखा धरा. ठिकाणं शांतपणे पाहायची असतील तर त्या सोडून कुठलीही.

आणि एक विनंती. थाळनेरला गेलात, एखाद्या आजींनी माईंची किंवा लाडांच्या घराची काही आठवण सांगितली, तर त्यांना विचारून ती फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. वीणा, चौक, सभागृहं कुठे जात नाहीत. या आजी ऐंशीच्या पुढे आहेत.